भागीरथाबाईंचं सातवं शील

सासूपासून दुपारची सुटका झाली, तर एखादी सून गल्लीत पेढे वाटेल. कौसल्या मात्र रडायची तेवढी राहिली होती.

ही सुटका करून दिली एका डब्यानं. जेवणाच्या डब्याएवढाच होता तो, काळा, प्लास्टिकचा. त्यातून दोन वायरी निघत आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला रेडिओच्या कानासारखी एक गोल गुंडी. धाकटी जाऊ प्रेमिला, तिचा भाऊ विश्वनाथ मस्कतला वायरिंगच्या कामावर होता. सुटीवर आला तेव्हा बहिणीसाठी हा डबा घेऊन आला. शहाऐंशी सालचा उन्हाळा होता. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत टीव्ही असलेली घरंच थोडी. त्यात टीव्हीला डबा जोडायचा आणि बातम्या-सिनेमे पाहायचे सोडून आपणच त्यात खेळायचं, हे कोणाच्या ऐकिवातही नव्हतं.

विश्वनाथनं टीव्हीच्या मागं डोकं घातलं, अँटेनाची वायर सोडवली, डब्याची वायर त्या जागी आवळली, आणि पडद्यावर वरच्या अंगाला पांढऱ्या विटांची भिंत उभी राहिली. खाली एक आडवी पट्टी. गुंडी फिरवली की पट्टी इकडून तिकडं सरकायची. एक चेंडू होता, तोही चौकोनी. तो पट्टीवर आपटून वर जायचा, एक वीट फोडून खाली यायचा. पट्टीवर झेलला तर पुन्हा वर, नाही झेलला तर गेला. असे तीन चेंडू गेले की खेळ खलास.

"एवढंच?" भागीरथाबाई म्हणाल्या. ह्या त्या दोघी जावांच्या सासूबाई. साठी उलटलेली, पण मान ताठ.

"एवढंच, मावशी. पाहा खेळून."

"आण गा इकडं. जलमभर विटा वाह्यल्या डोक्यावर, आज फोडून पाह्यते."

ते खरंच होतं. तरुणपणी त्या बांधकामावर जात, आणि नागपुरातल्या कितीतरी पक्क्या घरांच्या विटा त्यांच्या डोक्यावरून वर चढल्या होत्या. सगळे हसले. कौसल्याही हसली. पहिला चेंडू गेला, दुसरा गेला. तिसरा मात्र पट्टीवर टण्णकन बसला आणि वरची एक वीट नाहीशी झाली.

"फुटली वं!" भागीरथाबाई ओरडल्या. प्रेमिलानं टाळ्या पिटल्या.

कौसल्या चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, निवला, पुन्हा तापवला, पुन्हा निवला. बाहेरून कोणी मागितलाच नाही.

आता दुपारचं सांगितलं पाहिजे, नाहीतर कौसल्येचं दुखणं कळायचं नाही.

पारशिवनीहून लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा अगदी पोरसवदा होती. नवरा बळीराम गिरणीत पाळीवर, दीर रविंद्र तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत. सासूचा दिवसभर हुकूम. पाणी असं नाही भरायचं, भाकर अशी नाही थापायची, पदर असा नाही घ्यायचा. पण जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की सासू पाट उलटा करायची, त्यावर खडूनं अष्टाचंग्याची घरं आखायची आणि हाक मारायची, "ये वं कौसल."

दिवसभर ती 'मोठी' असे. फक्त त्या तासाभरापुरती 'कौसल'.

फोडून घासलेले चिचोके हातात खुळखुळवायचे आणि टाकायचे. सगळे पांढरे पडले की चंग, म्हणजे चार घरं. सगळे काळे पडले की अष्टा, म्हणजे आठ. कौसल्येच्या सोंगट्या फुटक्या बांगड्यांच्या, भागीरथाबाईंच्या सुपारीच्या खांडांच्या. ह्यात एक मेख होती. भागीरथाबाई हरायला लागल्या की मरणाच्या दारातली सोंगटी उचलून तोंडात टाकत.

"आई, सोंगटी कुठी गेली?"

"थे केव्हाच घरात पोचली."

"पोचली नाही, तुमच्या गालात हाय."

"मंग गाल काय परक्याचा हाय वं?"

आणि दोघी भांडत. चिमटे काढण्यापर्यंत भांडत. त्या भांडणाच्या भरात सासूच्या तोंडून अशा गोष्टी निघत की पोटच्या पोरांनाही माहीत नसाव्यात. बांधकामाच्या पहिल्या दिवशी शिडी पाहून ती कशी घरी पळून आली होती, नवरा गेल्यावर कितीतरी दिवस दाराला आतून पाटा-वरवंटा लावून कशी झोपायची. कौसल्येची लेक लग्न होऊन कन्हानला गेली. रविंद्र कचेरीत लागला, त्याचं लग्न झालं, प्रेमिला आली. दुपार मात्र तशीच राहिली. त्या वेळी प्रेमिला आतल्या खोलीत पडून असायची. अष्टाचंगा चौघींनाही खेळता येतो, हे कौसल्येला कधी सुचलं नाही. सुचू दिलं नाही म्हणा.

डबा आला त्याच्या दुसऱ्या दिवशीही कौसल्येनं पाट उलटा केला, घरं आखली, चिचोके मधोमध ठेवले आणि वाट पाहत बसली. दुपारी दूरदर्शन झोपलेलं असायचं, त्यामुळं टीव्ही मोकळा. समोरच्या खोलीतून आवाज येऊ लागला. टुक. टुक. टुक.

"आई, डाव मांडला."

"आली आली. हे भिंत होऊ दे."

भिंत झाली. पण त्या डब्याची खोडच अशी की एक भिंत संपली की तो लगेच दुसरी उभी करायचा. गिलाव्याची, प्लास्टरची कामं त्याला ठाऊकच नव्हती, नुसत्या विटा.

"डावीकडं, माय, डावीकडं!" प्रेमिलाचा आवाज.

कौसल्येचा हात चिचोक्यांवर थांबला. माय? लग्न होऊन आल्यापासून ही पोरगी सासूला 'अहो आई' म्हणत होती, तेही कामापुरतं. एका दिवसात माय झाली. कौसल्येला इतक्या वर्षांत 'आई'च्या पुढं जायची हिंमत झाली नव्हती.

आणि मग सासूचं उत्तर आलं, "हाव वं पमी, दिसून राहिलं मले!"

पमी. कौसल्येनं पाटावरची घरं ओल्या फडक्यानं पुसली. पुसताना इतकी घासली की पाटाचा रंगच निघाला.

ह्यानंतर तिनं जे जे केलं ते सगळं प्रेमानंच केलं, असं तिचं म्हणणं. मूगवडे तळले. भागीरथाबाईंना मूगवडे म्हणजे जीव की प्राण. गरम गरम बशी नेऊन त्यांच्या मांडीशी ठेवली आणि उभी राहिली. भागीरथाबाईंचा उजवा हात गुंडीवर. डावा हात बशीत जाई, वडा उचली, तोंडात टाकी. डोळे पडद्यावर. बशी रिकामी झाली तरी डावा हात आपला बशीत चाचपडतच होता.

"कसे झाले?" कौसल्येनं विचारलं.

"काय कसे झाले?"

मग तिनं टीव्हीच्या तब्येतीची काळजी घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी रविंद्र आल्यावर म्हणाली, "भाऊजी, गल्लीत म्हणून राहिले, असा डबा लावला की टीव्हीची ट्यूब उडते म्हणे."

"कोण म्हणून राहिलं, वहिनी?"

"म्हणून राहिले लोक."

"काही नाही होत. विश्वनाथनं पाहून दिलं सारं."

भागीरथाबाई पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली. "काहून वं मोठी, तुले टीव्हीची एवढी दया कधीपासून आली? टीव्ही आणला तवा तर म्हणे, डोळे फुटतात यानं."

कौसल्या भात पाहायला आत गेली. भात केव्हाच झाला होता.

एकदा तिनं स्वतःही खेळून पाहिलं. प्रेमिलानंच आग्रह केला, "या ना ताई, बसा तर!" कौसल्येनं गुंडी धरली ती पिठाच्या डब्याचं झाकण आवळावं तशी. फिरवली की पट्टी एकदम पडद्याच्या कडेला जाऊन चिकटे. पहिला चेंडू गेला, दुसरा गेला, तिसरा कुठून आला आणि कुठं गेला हेही तिला कळलं नाही. प्रेमिला हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होते, ताई." आणि भागीरथाबाईंनी तर पाहिलंही नाही. त्या हात पुढं करून बसल्या होत्या, गुंडी कधी परत मिळते म्हणून.

एका दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, कूलर थांबला, आणि पडद्यावरची अर्धी फुटलेली भिंत एका ठिपक्यात मिटली. कौसल्येच्या अंगाला घामाची धार लागली होती, पण चेहरा असा उजळला की प्रेमिला पाहतच राहिली. तिनं झटकन पाट आणला.

भागीरथाबाई आल्या. बसल्या. चिचोके टाकले, चंग पडला, सोंगटी चालवली. मधेच म्हणाल्या, "पमी, लाईट आली का पाह्य वं." पुन्हा चिचोके. पुन्हा, "बाजूच्या घरी आली काय?"

कौसल्येची एक सोंगटी त्यांच्या सुपारीच्या खांडाच्या अगदी मागं येऊन उभी होती. आता टाकायची खोटी, की मार. कौसल्या वाट पाहत राहिली. आता उचलतील, आता तोंडात टाकतील, आता भांडण होईल. भागीरथाबाईंनी खांडाला हातही लावला नाही. कौसल्येनं ते मारलं. मग दुसरं मारलं. भागीरथाबाई म्हणाल्या, "बरं झालं, जिंकली तू," आणि पदरानं वारा घेत खिडकीकडं पाहत राहिल्या.

सासू रडी खेळली नाही, म्हणून त्या दुपारी कौसल्या मोरीत जाऊन रडली.

आषाढी पौर्णिमा जवळ आली. त्या दिवसापासून वर्षावास लागतो, तो आश्विन पौर्णिमेपर्यंत. विहारात रोज दुपारी ग्रंथवाचन असतं. पौर्णिमेला वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया पांढरं लुगडं नेसून अष्टशील घेतात. आपल्या रोजच्या पंचशीलात आणखी तीन नेमांची भर. बारा वाजल्यानंतर जेवायचं नाही. नाचगाणं, खेळतमाशे, फुलं-अत्तर ह्यांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. उंच पलंगावर झोपायचं नाही. बहुतेकजणी हे त्या दिवसापुरतं घेतात आणि दुसऱ्या दिवशी सोडतात. भागीरथाबाईही तसंच करत. पण एखादी हिंमतवाली पूर्ण वर्षावासभर घेते, आणि तिला सगळी वस्ती मानते.

पौर्णिमेला तिघी विहारात गेल्या. वंदना झाली, भंतेजींनी एकेका शीलाचा अर्थ सांगितला. सातव्या शीलाशी आले. "खेळतमाशे पाहणं, त्यात मन रमवणं, ह्यापासून अलिप्त राहायचं," ते म्हणाले. कौसल्या हे दरवर्षी ऐकत आली होती, अर्ध्या झोपेत. ह्या वर्षी तिची झोप खाडकन उडाली.

प्रवचन संपल्यावर भंतेजींनी विचारलं, "वर्षावासभर अष्टशील कोण पाळणार आहे? ज्याला झेपेल त्यानंच हो म्हणा."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. गल्लीतल्या प्रयागबाईंनी हात वर केला, त्या दरवर्षीच्या. आणि मागून कौसल्येचा आवाज आला, स्वतःलाही ओळखू येऊ नये इतका खणखणीत.

"आमच्या आई घेतात, भंतेजी. तिन्ही महिने."

"साधू! साधू! साधू!" सगळं विहार एका सुरात म्हणालं.

ह्या तीन साधूंनंतर परतीची वाट नसते. भागीरथाबाईंनी मान वळवून मोठ्या सुनेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात जोडून उभ्या राहिल्या आणि एकेक शील स्वच्छ आवाजात म्हटलं. सातवं जरा सावकाश म्हटलं.

तलावाच्या बाजूनं तिघी घरी निघाल्या. प्रेमिला मागं मागं राहत होती.

"मले इचारलं काहून नाही?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"तुम्हाले पुण्य लागन म्हणून म्हटलं, आई."

"हं," भागीरथाबाई म्हणाल्या. 

घरी आल्यावर प्रेमिलाचा बांध फुटला. "तीन महिने, माय? आपली ती बारीक विटांची भिंत तर आता कुठं आली होती!"

"जबान गेली आता भंतेजीपाशी. गुंडाळून ठेव थे."

प्रेमिलानं डबा जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि फळीवर ठेवला. कौसल्येनं त्या दिवशी घर झाडताना गाणं गुणगुणलं. तिनं काही शील वाढवून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूचं जेवण बाराच्या आत व्हावं म्हणून ती पहाटेपासून राबली. डाळ, भाजी, भाकरी, वर थोडी खीर. सगळं वेळेत झालं. भांडी पालथी पडली. कौसल्येनं पाट उलटा केला, नवा खडू घेतला, घरं अगदी रेषेत आखली. तिच्या सोंगट्या तिच्या बाजूला, सुपारीची खांडं त्यांच्या बाजूला.

"आई, या."

पांढऱ्या लुगड्यातल्या भागीरथाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पाटाकडं पाहिलं.

"हे काय वं?"

"डाव."

"म्या शील घेतलं ना?"

"घेतलं ना. टीव्हीचं."

"टीव्हीचं कोणचं शील असते? खेळतमाशे म्हणाले भंतेजी."

"अवं पण आई, हा कुठी तमाशा हाय? हे तर आपले चिचोके हायत."

"टीव्हीतला चेंडू म्हणजे खेळ, अन् चिचोके म्हणजे काय वंदना हाय काय?" भागीरथाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुनंच तर घ्याले लावलं. आता पाळू दे."

कौसल्या खडू हातात घेऊन तशीच बसली. इतकी वर्षं चिचोके तिला भांड्यांसारखे, चुलीसारखे घरचे वाटत आले होते. त्यांनाही खेळ म्हणतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या कुऱ्हाडीनं प्रेमिलाची दुपार तोडली, तीच फिरून आपल्या पायावर आली. बाहेर प्रयागबाईंची हाक आली, "चाला वं भागीरथाबाई!" आणि सासू छत्री घेऊन ग्रंथवाचनाला निघून गेल्या.

मग रोजच. बारा वाजायच्या आत जेवण, जेवण झालं की छत्री, छत्री की प्रयागबाई. संध्याकाळी परत आल्या की तोंडात एकच. प्रयागबाई म्हणे असं, प्रयागबाईनं आज काय छान विचारलं, प्रयागबाईच्या गुडघ्याले कसं तेल लावते तिची सून. कौसल्येला आता डब्याचा राग येईनासा झाला. डबा निदान घरात तरी होता.

अशाच एका दुपारी कौसल्या कपड्यांच्या घड्या करत होती. प्रेमिला टीव्हीपाशी जमिनीवर बसून त्याच्या लाकडी दाराची कडी उगीच उघडत होती, लावत होती.

"ताई, एक इचारू?"

"इचार."

"विहारात तुम्ही मुद्दाम बोलल्या ना?"

कौसल्येनं एक लुगडं झटकलं, पुन्हा झटकलं. "हाव," ती म्हणाली.

"मले तवाच समजलं. मायलेही समजलं."

"काय म्हणे मंग?"

"काही नाही. हसल्या." प्रेमिलानं कडी लावली. "आमच्या लग्नापासून मी ह्या घरात तशीच राहून राहिली, ताई. दुपारी तुम्ही दोघी भांडा, हसा, अन् मी आतमंधी तोंडावर उशी घेऊन पडो. वाटे, आपल्याले बोलावतील. मंग दादा मस्कतले परत चालला होता मागच्या खेपी, तवा मीच म्हटलं त्याले, दोघींनी मिळून खेळाले होईन असं काही आण. घरात कोणाले तरी माह्यासंगं बसावं वाटलं पाह्यजे."

कौसल्या लुगड्याची घडी करत राहिली, आणि घडी काही जमेना. जळणारी आपण एकटीच आहोत असं तिला वाटत होतं. भिंतीच्या पलीकडं हे आधीपासून चाललं होतं, आणि तिथं तर अष्टाचंगाही नव्हता.

तिनं लुगडं तसंच बाजूला टाकलं आणि म्हणाली, "काढ थो डबा."

"काय?"

"काढ म्हणते ना. मले शिकव. पण हसशीन तर पाह्य."

प्रेमिलानं भाजीच्या सुरीच्या टोकानं अँटेनाचे स्क्रू ढिले केले. टॉवेल सुटला. टुक. टुक. पहिले काही दिवस कौसल्येचे चेंडू पावसाच्या गारांसारखे पडत राहिले. प्रेमिला म्हणे, "पट्टीकडं नका पाहू, ताई, चेंडूकडं पाहा. पट्टी आपली आपण येते." कौसल्येला हे पटायचं नाही. हातातल्या गोष्टीकडं पाहायचं नाही, हे कुठलं शिकणं? पण हळूहळू पट्टी आपली आपण येऊ लागली. एके दिवशी अर्धी भिंत फुटली. गुंडी दोघींच्या हातातून फिरू लागली, आणि चेंडू गेला की नाही ह्यावरून आरडाओरडा होऊ लागला, रस्त्यावर ऐकू जाईल असा.

रस्त्यावर तो ऐकू गेलाही. त्या दिवशी भंतेजी कोणाच्या घरी परित्राणपाठाला गेले होते, ग्रंथवाचन लवकर आटोपलं. दाराशी छत्री आपटल्याचा आवाज झाला. प्रेमिला दचकून उठली. कौसल्येचा चेंडू हवेत होता, तिला उठता येईना.

भागीरथाबाई उंबऱ्यात थबकल्या. पडद्याकडं नजर जायच्या आत त्यांनी सरळ पाठ फिरवली. तशाच मागं मागं सरकत आत आल्या आणि भिंतीकडं तोंड करून चटईवर बसल्या.

"चालू द्या," त्या भिंतीला म्हणाल्या. "म्या नाही पाह्यत."

टुक. टुक.

"कोण खेळून राहिलं?"

"मी," कौसल्या म्हणाली.

"तू?" पांढऱ्या पदरातली मान किंचित हलली, पण वळली नाही. "तुले कुठी येते?"

"आता येते."

"माय, ताईनं आज दोन भिंती केल्या!" प्रेमिला म्हणाली.

भागीरथाबाई लुगड्याच्या काठाशी चाळा करत म्हणाल्या, "मी तिकडं प्रवचन ऐकून राहिली, अन् इकडं दोघीच्या दोघी मजा मारून राहिल्या. कोणी म्हटलंही नाही मले." आणि जरा वेळानं, "ह्या घरात म्हातारीले कोणी इचारत नाही."

तो सूर कौसल्येनं लगेच ओळखला. पाट पुसताना, मूगवडे तळताना, मोरीत तोंडावर पाणी मारताना तिनं तो आतल्या आत कितीदा ऐकला होता. सासूचा जीव जळत होता. कौसल्येला एकदम थंडगार बरं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग तितकंच वाईट.

तिनं गुंडी प्रेमिलाच्या हातात दिली. "तू खेळ," म्हणाली. आणि उठून सासूसमोर, सासू आणि भिंत ह्यांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसली. आता सासूची पाठ टीव्हीकडं आणि कौसल्येचं तोंड टीव्हीकडं.

"पाह्याची मनाई हाय तुम्हाले. मी सांगते."

"ऐकलं तर चालते काय?"

"भंतेजीले मी इचारीन उद्या. आजच्या दिवस ऐका."

भागीरथाबाईंनी थोडा विचार केला, आणि गुडघे पोटाशी घेऊन सरसावून बसल्या.

"चेंडू वर गेला," कौसल्या सांगू लागली. "डाव्या कोपऱ्यातली फुटली. आता खाली येऊन राहिला. पमी उजवीकडं. झेलला! पुन्हा वर. मधातली फुटली, अन् तिच्या बाजूची बी."

भागीरथाबाई तिच्या तोंडाकडं पाहत होत्या. कौसल्येचे डोळे मोठे झाले की त्यांचे डोळे मोठे होत, ओठ दाबले की त्यांचे ओठ दाबले जात. डावात बसूनसुद्धा त्या इतक्या टक लावून कधी पाहत नसत. तेव्हा मधे चिचोके असत. कौसल्या सांगत गेली. तिला पाणी प्यायचं होतं, पण ती उठली नाही.

"किती राहिल्या?"

"बारीक विटांची एकच ओळ."

"पमी एवढी गेली?" भागीरथाबाईंच्या स्वरात कौतुक होतं, भरपूर. "हुशार पोरगी हाय वं. माह्याकडून तर ती ओळ कधी झाली नाही."

कौसल्येनं पडद्याकडं पाहिलं. प्रेमिलाची पट्टी चेंडूखाली अचूक आली होती.

"गेला," कौसल्या म्हणाली. "पमीचा चेंडू गेला."

"कुठी गेला?" मागून प्रेमिला ओरडली. "झेलला मी! टुक वाजलं ना! ताई, खोटं काहून सांगता?"

भागीरथाबाईंनी कौसल्येकडं पाहिलं, आणि त्यांचं सगळं अंग हसण्यानं हलू लागलं. "माहं सातवं सांभाळता सांभाळता तुनं तुहं चौथं मोडलं वं! खोटं बोलू नये, हे तर लहान पोरालेही लागू हाय."

"मले वाटलं, गेला."

"वाटलं म्हणे! सांग आता नीट. पदरचं न मिळवता सांग."

"सांगते," कौसल्या म्हणाली, आणि पदर सावरून पुन्हा पडद्याकडं पाहू लागली.